एकास बारा

मुलुंडला आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर गणपतीचं देऊळ आहे. तिथे एका मंगळवारी चमत्कार झाला. व्हीलचेअरवर बसलेला एक म्हातारा पायऱ्यांपाशी आला, त्याने पायऱ्यांकडे रागाने बघितलं, आणि ताडकन उठून, खुर्ची घडी करून काखेत मारून तो तरातरा वर चढला. रांगेतली एक बाई किंचाळलीच. कुणीतरी घंटा बडवायला लागलं. संध्याकाळपर्यंत त्याचा व्हिडिओ अख्ख्या मुलुंडच्या फोनवर फिरला, आणि बुधवारी रांग पार रिक्षा स्टँडपर्यंत गेली.

हा म्हातारा म्हणजे आमच्या सोसायटीतले, दुसऱ्या मजल्यावरचे वसंत तावडे. त्यांच्या पायांना काडीचंही झालेलं नाही. साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये चाळीस वर्षं फिटर होते. काकू गेल्या, मुलगा पुण्याला, आणि काका रिटायर झाल्यापासून रोज व्हीलचेअरवर बसून मुलुंड तपासत फिरतात. बँक, दवाखाना, केशकर्तनालय, वडापावची गाडी, काही सोडत नाहीत. पायरी आली की खिशातून टेप काढायची, मोजायचं, आणि दुकानदाराला गाठून आपल्या मालवणीत सुनवायचं. "एकास बारा! एक इंच उंची, तर बारा इंच उतार. सोपा असा, वहीत लिहून ठेव." जपानमध्ये आंधळ्या माणसासाठी फुटपाथवर पिवळ्या उठावाच्या लाद्या असतात, कुठल्याशा देशात बसच खाली वाकून माणसाला आत घेते, हे सगळे व्हिडिओ ते पहाटे साडेपाचला सोसायटीच्या ग्रुपवर टाकतात. गुड मॉर्निंगच्या गुलाबांत अधूनमधून नॉर्वेची बस.

खरी गंमत म्हणजे ती खुर्ची त्यांना होतच नाही. काका उंच, खुर्ची ठेंगणी. पाय ठेवायच्या पट्ट्या इतक्या वर की गुडघे छातीला लागतात. मी एकदा म्हटलं, "काका, तुम्ही फिटर ना? पाना फिरवा, दोन मिनिटांचं काम." तर मान फिरवून म्हणाले, "ऱ्हवांदे गे. आसा तसा बरा असा." म्हटलं मरू दे, विक्षिप्त माणूस.

आणखी एक खोड. लग्नाला बोलावलं की काका येतात, हे नक्की. पण मांडवात, स्टेजवर, पंगतीत, फोटोत कुठेही दिसत नाहीत. सोसायटीतल्या निदान पाच लग्नांनंतर मी त्यांच्याशी यावरून भांडले आहे. "इलंय होतंय गे," आलो होतो, एवढंच उत्तर.

आता आमची आई, तावडेकाकांची 'काकी'. पंचाहत्तरीची, एकेकाळची शाळेतली पीटी शिक्षिका. मागच्या वर्षी अर्धांगाचा झटका आला आणि ती व्हीलचेअरवर बसली. हट्टाने दोन्ही हात परत कामाला लावले, आणि खुर्ची स्वतःच चालवते. मागच्या दांड्याला कुणी हात लावला की फटका. मी खाल्लेत. पण आमच्या बिल्डिंगची लिफ्ट थांबते तिथून खाली गेटपर्यंत चार पायऱ्या. बांधणाऱ्याला काय वाटलं असेल देव जाणे! वॉचमन म्हणाला, "आजीला उचलतो ना आम्ही." आई म्हणाली, "मी काय गॅसचा सिलिंडर आहे?" आणि अकरा महिने ती खाली उतरलीच नाही.

अशात माझ्या केतकीचं लग्न ठरलं. आईने जाहीर केलं, "उचलून नेणार असाल तर मी घरूनच आशीर्वाद देईन." केतकी म्हणाली, "आजी नसेल तर मी कोर्टात करते, झालं." मायलेकी-आजी, तिघी एकाच मातीच्या. मी रडकुंडीला आले आणि तावडेकाकांकडे गेले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्या टेपकडे आशेने बघितलं.

काकांनी सोसायटीची मीटिंग लावली. सेक्रेटरी म्हणाले, रॅम्पने लॉबीचा लुक जाईल. काकांनी त्यांना गोड बोलून खुर्चीत बसवलं, पायऱ्यांच्या वर आणून ठेवलं, आणि चहा-भजी पायऱ्यांच्या खाली मांडली. "नियम एकच. उठूचा नाय." सगळ्यांनी भजी खाल्ली. सेक्रेटरी वरून बघत राहिले. शेवटचं भजं उचललं गेलं तसा रॅम्प मंजूर झाला.

रॅम्प झाला पण झकास! चोवीस फूट, मध्ये वळण, दोन्हीकडे कठडा. गवंडी काकांच्याच गावचा, भिकाजी. लग्नाच्या तीन दिवस आधी काम संपवून त्याने काकांना बोलावलं. आम्हीही गेलो. भिकाजीने रॅम्पच्या वरच्या टोकाला, मोठ्या प्रेमाने, काळ्या दगडाचा तीन इंच उंच उंबरा बसवला होता. वर हळदकुंकू, शेजारी फोडलेला नारळ.

काकांनी कपाळाला हात लावला. "मेल्या, ह्यां काय केलंस?"

"उंबऱ्याशिवाय दार कसला? लक्ष्मी घरात थांबाची कशी?"

"लक्ष्मी कमळावर बसता, तिका काय! अडकतली आमची काकी!"

भिकाजी ऐकेना. पुजलेला उंबरा फोडणार नाही म्हणजे नाही. सेक्रेटरींनासुद्धा अचानक लक्ष्मीची काळजी वाटायला लागली. वाट लागली म्हणून मी तिथेच खाली बसले. काका मात्र दगडाकडे बघत होते. मग म्हणाले, "फोडू नको. निजव त्याका." आणि दोघांनी मिळून जमिनीत तीन इंच खाच पाडली आणि तोच उंबरा, हळदकुंकवासकट, फरशीच्या पातळीत झोपवला. उंबरा आहे, लक्ष्मी खूश, आणि चाकाला कळतसुद्धा नाही. आता गल्लीतल्या चार घरांनी तसे उंबरे निजवलेत.

हॉलचं तर विचारू नका. रॅम्पच्या आधीच काकांनी खुर्ची घेऊन सहा हॉल नापास केले होते. एका मॅनेजरने सांगितलं, "उचलायला चार माणसं देऊ ना." त्यावर काका इतके ओरडले की मीच घाबरले. माणूस कधी आवाज न चढवणारा. शेवटी एक तीन पायऱ्यांचा हॉल मिळाला, आणि काकांनी साकीनाक्याच्या जुन्या दोस्तांकडून जोडता येईल असा अठरा फुटी अॅल्युमिनियमचा उतार करून घेतला. लग्नाच्या सकाळी टेम्पोतून आणला. केतकीच्या मैत्रिणींनी त्याला झेंडूच्या माळा लावल्या. मग काय, पायऱ्यांकडे कुणी ढुंकून बघेना! केटररच्या ढकलगाड्या, बाळांच्या बाबागाड्या, गुडघे धरून चालणाऱ्या सगळ्या मावश्या, सगळे उतारावरून. नवरदेवसुद्धा तिकडूनच आला. आणि आमची आई, पैठणी नेसून, स्वतःच्या हातांनी चाकं फिरवत वर गेली, तेव्हा बँडवाल्याने न सांगता वाजवायला सुरुवात केली. मी ढसाढसा रडले, मेकअप गेला.

आमच्याकडे मुलीच्या आईने मंगलाष्टकं ऐकायची नसतात. तिने त्या वेळी तुळशीला पाणी घालत बसायचं. तुळशीची कुंडी खाली गेटपाशी ठेवली होती. मुहूर्त जवळ आला तशी मी तांब्या घेऊन खाली आले. बघते तर टेम्पोच्या शेजारी, त्या ठेंगण्या खुर्चीत, गुडघे छातीशी घेऊन तावडेकाका. धुतलेला शर्ट, मुठीत अक्षता.

मी भडकलेच. "काका, हे काय? उतार तुम्ही केलात आणि तुम्हीच खाली?"

"माका हयसूनच, खालसूनच, सवय असा गे." मग मुठीतल्या अक्षतांकडे बघत म्हणाले, "माझ्या लग्नात माझो दादा हयसरच, असोच खाली होतो. टेम्पोत. पोलिओ होतो त्याका. हॉलाक पाच पायऱ्यो. माझे दोस्त उचलूक इले, तर दादा म्हणालो, मी पोतां नाय. मी वर अंतरपाटाआड. दादान खाली लाऊडस्पीकरवर मंगलाष्टकां आयकली आणि अक्षता टेम्पोच्या काचेर टाकल्यान. मी वर्कशॉपात रोज लोखंड वाकवायचंय, शुभा. एक फळी माका सुचूक नाय."

मी खुर्चीच्या पट्ट्यांकडे बघितलं. त्या दादाच्या मापाच्या होत्या. "म्हणजे ही दादाची खुर्ची," मी म्हटलं.

तेवढ्यात वरून चाकांचा आवाज आला. आई उतारावरून सरसर खाली आली आणि काकांच्या समोर ब्रेक लावला. त्यांना वर शोधत होती म्हणे. आमचं शेवटचं बोलणं तिच्या कानावर पडलं असावं, कारण तिने एक प्रश्न विचारला नाही.

"वसंता, उठ. वर जायचंय आणि माझे हात भरून आलेत. ढकल मला."

इतक्या महिन्यांत त्या दांड्याला फटका न खाता कुणी हात लावू शकलं नव्हतं. काका उठले, दोन्ही हात पँटला पुसले, आणि त्यांनी दांडे असे धरले की जणू आता फुटतील.

"हळू हां काकी. एकास बारा असा."

"माहितेय रे. चल." मग आई माझ्याकडे वळली. "तू पण वर ये. पोरीचं लग्न आहे तुझ्या. आणि ती दादाची खुर्ची इथे कशाला एकटी ठेवतेस?"

"अगं, पण तुळस?"

"तुळशीला चाकं चालत नाहीत का?"

मी कुंडी उचलून दादाच्या खुर्चीत ठेवली. वर भटजींनी माईक हातात घेतला होता. पुढे आई आणि काका, आणि त्यांच्या मागून मी दादाची खुर्ची ढकलत निघाले. कुंडी भिजलेल्या मातीने चांगली जड होती, पण मला जराही जोर लावावा लागला नाही.