पुढे कोण होतं?

सोनगीरच्या चढणीवर लोटनच्या मोटारीचा डावा मडगार्ड धनसिंगच्या मोटारीच्या उजव्या मडगार्डात जाऊन बसला, तेव्हा सगळ्यात मोठा आवाज झाला तो हंड्याचा. लोटनच्या टपावर बांधलेला पाशिंजर पुष्पाबाईंचा तांब्याचा हंडा सुटला, बोनेटवर आदळला आणि ठणठणत चढण उतरून खाली गेला. त्याच्या मागोमाग दोन्ही मोटारी गप्प झाल्या. धनसिंगच्या कपाळावर सुपारीएवढं टेंगूळ आलं. बाकी कुणाला खरचटलंसुद्धा नाही, कारण मोटारीत मुळी कुणी नव्हतंच.

नव्हतं, कारण लढाईची वर्षं होती. पेट्रोल मिळत नव्हतं आणि धुळे-शिरपूरच्या सर्व्हिस मोटारी कोळशावर चालत होत्या. मागे एक भट्टी, भट्टीत कोळसा, आणि कोळशाच्या धुरावर मोटार. सपाटीला ती कशीबशी पळायची. चढण आली की तिला धाप लागायची. मग डायवरने मागे वळून "उतरा" म्हणायचं, पाशिंजरांनी उतरून चढण पायी चढायची, वरच्या चिंचेखाली पानतंबाखू खात बसायचं आणि मोटार आली की पुन्हा चढायचं. पैसे मोटारीचेच पडायचे. याबद्दल कुणी तक्रार करत नसे, कारण चिंचेखाली सावली चांगली होती.

लोटन घेवरचंद शेठची मोटार हाकायचा, धनसिंग मोतीलाल शेठची. सोनगीरचा बाजार असला की जी मोटार आधी पोचेल तिला पाशिंजर, दुसरीला धूळ. त्यामुळे गेले सहा महिने दोघांची रोज शर्यत चालली होती. अर्थात कोळशाच्या मोटारींची शर्यत ती. बघणाऱ्याला दोन मोटारी सोबतीनं देवदर्शनाला निघाल्यात असंच वाटायचं.

"डोया फुटनात का तुन्हा?" धनसिंग कपाळ चोळत खाली उतरला. "आडवा काब्र उना?"

"मी आडवा उनू?" लोटन ओरडला. "तूच मन्हा आंगवर उना!"

ओरडला खरा, पण चूक कुणाची ते त्याला पक्कं ठाऊक होतं. तो हातभर पुढे होता आणि त्यानंच स्टिअरिंग डावीकडे मारलं होतं. बरं, ही पहिली चूक असती तर गोष्ट वेगळी. गेल्याच महिन्यात त्यानं धुळ्याच्या नाक्यावरचा बांबू मोडला होता, आणि फौजदारसाहेबांनी सगळ्यांदेखत सांगितलं होतं, "लोटन, पुन्हा तुझं नाव कानावर आलं तर लायसन जप्त."

लायसन गेलं म्हणजे सगळंच गेलं. लोटनला ना वावर ना विहीर. मोटार मिळायच्या आधी तो जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाच्या ढिगावर उभा राहून कापूस तुडवायचा. संध्याकाळी घरी जायचा तो पांढऱ्या भुवया घेऊन. कमलबाईच्या बापानं पोरगी दिली ती डायवरला, कापूस तुडवणाऱ्याला नव्हे. घरात सहा महिन्यांचं तान्हं होतं. खाकी कोटाच्या आतल्या खिशातलं लायसन त्यानं वरूनच चाचपलं. ते अजून होतं.

आवाज ऐकून चिंचेखालची मंडळी वळण उतरून धावत आली. पुष्पाबाई सगळ्यात पुढे. त्यांनी आधी हंडा उचलला, उन्हाकडे धरून सगळीकडून पाहिला आणि मग दोघांकडे पाहिलं.

"एक पोचा काढाले तांबटकडे लई चालनू व्हतू, आते दोन व्हयी ग्यात! कोना गुन्हा शे ते पहिले सांगा."

"याना!" दोघंही एकदम म्हणाले.

"आसं नही चालाव," पुष्पाबाई म्हणाल्या. "फौजदार सोनगीरमाच शे, बाजारना बंदोबस्तले. एक जन गया शे त्याले बलावाले."

लोटन मडगार्डावर बसायला गेला, पण मडगार्ड आता बसण्यासारखा राहिला नव्हता.

त्याच्या मोटारीत धुळ्याचे रुपचंद होते. कोर्टाबाहेर पिंपळाखाली बसून लोकांचे अर्ज लिहायचे आणि त्यामुळे स्वतःला अर्धे वकील समजायचे. त्यांनी लोटनला कोपराला धरून भट्टीमागे नेलं.

"लोटन, कायदा ऐकून ठेव. जो पुढे असतो तोच आडवा घुसू शकतो. मागचा कसा घुसेल? म्हणजे जो पुढे, त्याचा गुन्हा. साहेब एकच विचारणार, पुढे कोण होतं? तू म्हणायचं, मी मागे होतो. बस्स. सुटलास."

"मी मांगे व्हतू?"

"हां."

"धनसिंगना मांगे?"

"मग काय माझ्या मागे? अरे, म्हणून तर बघ एकदा."

लोटननं तोंड उघडलं. "मी मा..." इथवर आलं आणि घसा बसला. सहा महिन्यांत हे वाक्य त्याच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. जेव्हा तो खरोखर मागे होता तेव्हासुद्धा नाही. तेव्हा तो म्हणायचा, "कोयसा वला व्हता."

"रुपचंदशेठ, दुसरं काही सांगता नही येत का?"

"येतं की. मी पुढे होतो असं सांग, आणि लायसन ठेवून जिनात जा."

मग लोटन भट्टीमागे उभा राहून पाढे पाठ केल्यासारखं पुटपुटत राहिला. मी मांगे व्हतू. मी मांगे व्हतू. मधूनच त्याला कमलबाई दिसायची, मधूनच कापसाचा ढीग. भट्टीची धग पाठीला लागत होती, पण ते त्याच्या लक्षातही आलं नाही.

फौजदारसाहेब सायकलवरून आले. सायकल चिंचेला लावून खाली उतरले, अडकलेले मडगार्ड पाहिले, हंडा पाहिला, आणि लोटनला पाहून म्हणाले, "तू? पुन्हा?"

लोटनची पाठांतराची ओळ अर्धी पुसली गेली.

साहेब रस्त्याकडेच्या दगडावर बसले. मंडळी भोवती गोल करून उभी राहिली. "पुढे कोण होतं?" साहेबांनी विचारलं. रुपचंदांनी लोटनकडे पाहून भुवया उडवल्या.

"साहेब," लोटन म्हणाला, "मी..."

"मोठ्यानं बोल."

"मी मांगे व्हतू, साहेब."

मागे कुणीतरी खुदकन हसलं. लोटननं मान खाली घातली. आता धनसिंग उसळणार, तूच पुढे होतास म्हणून गळा धरणार, आणि मग खरं काय ते बाहेर येणार. तो जीव मुठीत धरून वाट पाहू लागला.

धनसिंगनं टेंगळावरून हात फिरवला. "खरं शे, साहेब," तो म्हणाला. "हाऊ मांगेच व्हता. पुढे मी व्हतू. चूक मन्ही. हाई ल्या मन्हं लायसन."

आणि त्यानं खरोखरच खिशातून लायसन काढून पुढे केलं.

लोटननं डोळे मिटले. सुटलो! कमलबाई सुटली, तान्हं सुटलं, कापसाचा ढीग लांब कुठेतरी निघून गेला. गोष्ट इथे संपली असती तर लोटन आजन्म सुखी झाला असता. पण धनसिंग पुढे बोलला.

"हाऊ कायमच मांगे ऱ्हास, साहेब. सा महिनापाईन मांगेच शे. मन्ही धूय खाईसन त्याना दात पिव्या व्हयी ग्यात."

लोक खो खो हसले. लोटननं जीभ चावली. कमलबाई, तो मनात म्हणाला. तान्हं. जिन. धनसिंगच्या मोटारीतला एक जण म्हणाला, "पुष्पाअक्का, सकायपाईन आम्हनी मोटारमा बठत जा. लवकर पोचशी." लोटननं मूठ आवळली. पुष्पाबाई हंड्यावर बोटं वाजवत विचारपूर्वक म्हणाल्या, "बठनं पडी, भाऊ. मांगेवालानी मोटारमा कसाले बठो?"

"कोन मांगे?" लोटन गरजला. रुपचंदांनी कपाळाला हात लावला. "मी पुढे व्हतू, साहेब! एक हात पुढे! मीच आडवी घाली! चूक मन्ही शे, बठ्ठी चूक मन्ही शे! हाई ल्या मन्हं लायसन!"

"नही साहेब, खोटं बोलस हाऊ! चूक मन्ही!"

"तुन्ही कशी? तुन्ही मोटार कव्हय पुढे व्हती ते चूक करशी?"

दोघंही लायसन साहेबांच्या नाकापुढे नाचवू लागले. साहेबांच्या नोकरीत चोर पाहून झाले होते, दारू गाळणारे पाहून झाले होते, पण गुन्ह्यावर हक्क सांगणारे भांडखोर त्यांना पहिल्यांदाच भेटत होते.

"गप्प!" ते ओरडले. "कुणी पाहिलंय का?"

कुणीच पाहिलं नव्हतं. सगळे, दोन्ही मोटारींचे क्लीनरसुद्धा, वळणापलीकडे चिंचेखाली होते. तेवढ्यात पुष्पाबाईंनी रस्त्याच्या कडेला बोट केलं. तिथे कडब्याची एक बैलगाडी उभी होती. दोन्ही डायवर तिला वळसा घालूनच तर पुढे घुसले होते, पण दोघांपैकी एकानंही तिचं नाव काढलं नव्हतं. गाडीवान मघापासून कडब्याआड लपून, आता हे माझ्यावर कधी येतं याची वाट पाहत बसला होता.

"नाव काय तुझं?"

"हिलाल, मायबाप." त्यानं हात जोडले.

"घाबरू नको. खरं सांग, पुढे कोण होतं?"

हिलालनं लोटनचं नाव घेतलं तर लायसन जाणार, धनसिंगचं घेतलं तर अब्रू. काय मागावं देवाकडे हेच त्याला कळेना, म्हणून त्यानं नुसतंच "देवा" म्हटलं. हिलालनं एकदा लोटनकडे पाहिलं, एकदा धनसिंगकडे. मग तो साहेबांच्या बुटांकडे पाहत म्हणाला, "रागे नका भरू, साहेब. पुढे मी व्हतू."

"तू?"

"मन्हं गाडं. ह्या दोन्ही मन्हा मांगे व्हतात. चढन लागनी तठेपाईन भोंगा वाजाडी ऱ्हायंतात. मी म्हनं, जाऊ द्या बिचारास्ले, घाई व्हई त्यास्ले. गाडं कडेले लिधं, तं दोन्ही एकदम घुसनात."

"तुझे बैल पळत होते?"

"नही, साहेब. चालत व्हतात. धवळ्या तं लंगडस."

कुणी हसलं नाही. हसण्याच्याही पलीकडची गोष्ट झाली होती. दोन्ही डायवर आपापल्या मोटारीच्या चाकाकडे पाहत उभे राहिले.

साहेबांनी टोपी हातात फिरवली. "शर्यत लावून मोटार हाकली, असं मी वर कळवायचं. वरून विचारतील, वेग किती होता? मग काय कळवू? लंगड्या बैलाहून कमी?" ते उठले. "माझी बदली होईल. ती लायसनं खिशात घाला आणि नाहीसे व्हा. आणि या बाईंच्या हंड्याचे दोन्ही पोचे दोघांनी मिळून तांबटाकडून काढून द्या."

मंडळींनी मडगार्ड ओढून सोडवले, हिलालनं गाडीचे बैल सोडले, आणि धवळ्यानं आपल्या जोडीदाराबरोबर एकेक करून दोन्ही मोटारी चढणीच्या माथ्यावर ओढून ठेवल्या. मग हिलाल बैल घेऊन गाडीकडे परत गेला. पुष्पाबाई हंड्यासकट त्याच्यामागे निघाल्या. "मी गाडावरच बठस," त्यांनी जाहीर केलं. "माले लवकर पोचनं शे."

क्लीनर भट्ट्यांचे पंखे फिरवू लागले. लोटन आणि धनसिंग चिंचेच्या मुळीवर शेजारी शेजारी बसले. धनसिंगनं बिडी पुढे केली. लोटननं घेतली.

"तुले ठाऊक व्हतं ना," लोटन हळूच म्हणाला, "मीच आडवी घाली?"

"व्हतं."

"मग लायसन काब्र काढं?"

धनसिंगनं धूर सोडला. "मन्हं चार बिघा वावर शे. लायसन गयं आस्तं तं नांगर धरतू. तुन्हं काय शे? एक कोट आनि एक पोर."

"मग टोमना कसाले मारा?"

"टोमना नही मारा आस्ता तं साहेबले खरं वाटतं का? मी तुन्हाबद्दल गोड बोलनू तं कोनी इस्वास ठेवी?"

हे मात्र अगदी खरं होतं. लोटनला स्वतःची फार लाज वाटली. मग तो खाकरला आणि घशात मुळीच न अडकता म्हणाला, "धनसिंगभाऊ, मी मांगे व्हतू. एक नही, दोन हात मांगे."

"जाऊ दे," धनसिंग म्हणाला. तोही लाजला होता.

मोटारी धडधडू लागल्या. पाशिंजर आत बसले. पुढे रस्ता अरुंद; एका वेळी एकच मोटार जाणार. लोटननं खिडकीतून हात बाहेर काढला. "तू पुढे व्हय, भाऊ."

"नही, पहिले तू."

"आसं कसं? टेंगूळ तुले उनं शे. मान तुन्हा."

"घरमा तान्हं तुन्हं शे. जाय."

रुपचंद आतून ओरडले, "अरे, कुणीतरी निघा! बाजार उठेल!" पण कुणी ऐकेना. एक म्हणे तू, दुसरा म्हणे तू. शेवटी दोघंही आग्रहासाठी खाली उतरले आणि एकमेकांच्या मोटारीचं दार उघडून उभे राहिले. तोवर भट्ट्या पुन्हा विझत आल्या.

इतक्यात मागून घुंगरं वाजली. कडब्याची गाडी चढण चढून येऊन उभी राहिली होती. वर पुष्पाबाई, मांडीवर हंडा. हिलालनं कासरा आवरला, थोडा वेळ वाट पाहिली आणि मग फार नम्रपणे म्हणाला, "भाऊ, मन्हाजोय भोंगा नही शे. जरा बाजू द्या."