शॉकअपचे चार नट

"अर्ध्या तासाचं काम आहे," असं म्हणून मिस्त्री आपली हत्यारांची पेटी तिथेच ठेवून दुसऱ्या कुणाच्या गाडीकडे निघून गेला. त्या अर्ध्या तासाला बुधवारी सकाळी सुरुवात झाली.

गाडी ग्रंथपालांच्या वडिलांची. वडील गेल्यापासून ती शेडमध्ये उभी होती. निवृत्तीनंतर दोन वर्षं खपून ग्रंथपालांनी तिला पुन्हा चालती केली. पण निम्मी गाडी थोरल्या बहिणीच्या नावावर होती आणि तिचं पत्र आलं होतं : "रविवारी स्टेशनवर गाडी घेऊन ये. माझी कंबर नाजूक आहे. घरापर्यंत सुखरूप आणलंस तर माझा हिस्सा तुझा. नाहीतर सोमवारी भंगारात." ताईंनी बोललेला शब्द कधी फिरवला नव्हता. त्यामुळे मागचे जुने शॉकअप, म्हणजे रस्त्याचे धक्के पोटात घेणारी ती दोन नळकांडी, काढून नवी बसवणं भागच होतं.

नट फक्त चार. त्यातले खालचे दोन माहेरी आलेल्या लेकीसारखे बसले होते. निघायचं नाव नाही. "तेल सोडा, पान्याला पाइप लावा आणि द्या हिसका," असं मिस्त्री सांगून गेला होता. पण ज्या माणसाने उभ्या जन्मात पुस्तकाचं पान ओढून उलटलं नाही, तो हिसका कुठून देणार? ते तेल सोडायचे, दहा मिनिटं थांबायचे, पाना लावून नटाला हलकेच विचारून बघायचे. नट नाही म्हणायचा.

गुरुवारी संध्याकाळी बायको पदर खोचून आली. तिने पाइप लावला आणि दोन हिसक्यांत दोन्ही नट सोडवले.

"झालं. आता चहा घेताय का, का त्यालाही तेल सोडू?"

वरचे नट डिकीत होते. नट फिरवला की त्याच्याबरोबर शॉकअपचा दांडाही फिरायचा. म्हणून शुक्रवारी बायको डिकीत शिरली आणि ग्रंथपाल गाडीखाली नळकांडं मिठी मारून धरून बसले.

"फिरतंय का?"

"फिरतंय."

"नट का दांडा?"

"सगळंच! माझं डोकंसुद्धा!"

दुपारपर्यंत दोन्ही शॉकअप बाहेर आले. ग्रंथपालांनी प्रत्येक नट आपापल्या बोल्ट-रबरासकट वेगळ्या वर्तमानपत्रात गुंडाळून वर पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं, 'मागील, उजवे, वरचे' वगैरे. चारही पुड्या व्हरांड्यात ओळीने मांडल्या आणि मगच ते अंघोळीला गेले. त्या काळी घरोघर बंबात पाणी तापायचं. त्यात अंगावरचं काळं तेल निघायला तासभर लागला.

नणंद यायची म्हणून बायकोने तेवढ्या वेळात घर आवरलं आणि व्हरांड्यातली रद्दी एका फटक्यात रद्दीवाल्याला देऊन टाकली.

"अहो, त्यात नट होते?"

"वर लिहिलं होतं की!"

"मुंगीच्या पायाएवढं? मला काय ठाऊक! या घरात कागदात गुंडाळलेलं जे जे उघडलं, त्यात आजवर कागदच निघालाय."

ग्रंथपाल टॉवेलवरच फाटकापर्यंत धावले आणि शर्ट घालायला परत आले. रद्दीच्या दुकानात पोचले तेव्हा माल ट्रकमधून निघून गेला होता.

शनिवारी मिस्त्रीने नव्या शॉकअपचं खोकं उघडलं. "जुने बोल्ट द्या. नव्याबरोबर बोल्ट येत नाहीत, आणि या मापाचे आता कुणी बनवत नाही."

नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलं. ते बघून मिस्त्री काय ते समजला. "मग लेथवर करून घ्यावे लागतील. आठ दिवस."

"उद्या शॉकअपशिवाय गाडी चालेल?"

"चालेल की. फक्त एकदा उडाली की उडतच राहील."

रविवारी ताईंना दोन उशांवर बसवून गाडी स्टेशनवरून निघाली. पहिल्याच खड्ड्यात ती वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली आणि पुढचा खड्डा येईपर्यंत वरखाली होत राहिली. ग्रंथपालांनी आरशात बघितलं. ताईंनी डोळे घट्ट मिटले होते.

"गेली गाडी," बायको पुटपुटली.

"थांबव रे," मागून आवाज आला.

ग्रंथपालांनी ब्रेक दाबला. गाडी थांबली आणि जागच्या जागी डोलत राहिली. "ताई, चुकलं माझं. मी..."

"बाबांची गाडी अश्शीच झुलायची," ताई म्हणाल्या. त्यांचे डोळे ओले झाले होते. "आपण दोघं मागे आडवे व्हायचो. तू तर गल्लीच्या तोंडाशीच झोपायचास."

म्हणजे तीन दिवस खपून जे शॉकअप काढले, ते बाबांच्या हयातीतच कामातून गेले होते.

"पण ताई, तुझी कंबर?"

"खड्ड्यात गेली कंबर! काय केलंयस तू गाडीला?"

"मागचे शॉकअप काढलेत. पुढच्या आठवड्यात नवे बसतील."

"हात तर लावून बघ! हिस्सा तुझा, दिला. पण नवे बसवलेस, तर गाडी दुसऱ्या दिवशी भंगारात."

बायकोने मान वळवून हळूच सांगितलं, "वन्सं, घर आलं हं. हे काय, पुढच्याच वळणावर."

"घर काय पळून जातंय? अरे, गाडी मागे घे. तो मघाचा मोठा खड्डा होता ना, त्याच्यावरून पुन्हा एकदा ने."