दातांसकट जन्मलेला डेरिल

२००४ सालच्या मार्च महिन्यात, कतारमध्ये, दोह्यातल्या अल मुंतझा भागात, आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये थॉमस तुस्कानो यांना मुलगा झाला. बातमी आनंदाची असली तरी नियमबाह्य होती. बाळानं इस्पितळात जन्मायचं असतं, घरी नव्हे.

चूक बाळाची नव्हती, हे मी शेजारी म्हणून शपथेवर सांगतो. वसईचे आमचे थॉमस एका बांधकाम कंपनीत कामगारांच्या कागदपत्रांचे प्रमुख. मीही तिथलाच. थॉमस म्हणजे कागद नसेल तर सूर्यानंही उगवायचं थांबावं, अशा मताचा माणूस. त्यांच्या बायकोला, सेलीनला, कळा सुरू झाल्या तेव्हा इस्पितळासाठीची फाईल तयार होती, पण लग्नाच्या दाखल्याची झेरॉक्स एकच निघाली. दोन लागतात, असं म्हणत साहेब खालच्या दुकानात धावले. परत आले तेव्हा वरच्या मजल्यावरच्या मैमुनाबाईंच्या हातात बाळ होतं आणि थॉमसच्या हातात दोन स्वच्छ प्रती.

त्याच आठवड्यात कंपनीचा ड्रायव्हर रंगनाथ यालाही बीडकडे गावी मुलगा झाला. त्यानं रजा मागितली. पोर घरीच जन्मलेलं. थॉमसनी अर्ज परत केला : जन्मदाखला जोडावा.

तिकडे वसईला थॉमसच्या आईनं, हेझलआजीनं, बाप्तिस्म्यासाठी पांढरं अंगडं शिवून ठेवलं होतं. पहिला नातू. फोन आला की एकच प्रश्न, कधी आणताय? पुढच्या महिन्यात, थॉमस छाती पुढे काढून सांगायचे. कागदपत्रं म्हणजे त्यांच्या घरचंच काम.

इस्पितळाच्या नोंदणी खिडकीवर मुनीरा नावाची शांत बाई होती. दाखला इथे जन्मलेल्यांनाच मिळतो, ती म्हणाली. थॉमसनी बाळ पुढे केलं. तिनं कौतुक केलं, गाल ओढला, पण बाळ हा बाळाचा पुरावा धरता येत नाही म्हणाली. पासपोर्टवाल्यांनी जन्मदाखला मागितला. मग देशात राहण्याच्या परवान्याच्या कचेरीत साहेबानं विचारलं, हा इसम देशात कुठून आला? थॉमसनी सेलीनकडे बोट दाखवलं. साहेबानं मान हलवली. विमानतळाचा शिक्का नाही, बंदराचा नाही, म्हणजे विनापरवाना प्रवेश, आणि त्यावर दंड. नवजात बालकांना दंड माफ होता. नवजात असल्याचा दाखला आणा, खलास, काम झालंच समजा.

बाळ कागदांसाठी थांबलं नाही. ते पालथं पडलं, बसलं, रांगायला लागलं. आजी फोनवर माप विचारून अंगडं उसवत होती. एके दिवशी उसवायला कापडच उरलं नाही म्हणाली आणि रडायला लागली. फोन ठेवून सेलीन नवऱ्याकडे वळली.

"तुला झेरॉक्स आठवली. मी नाही आठवले."

थॉमसनी फाईल उघडली, चाळली आणि मिटली. या वाक्यावर त्यांच्याकडे कागद नव्हता.

अखेर मुनीरालाच दया आली. नियम मोडायचा नाही, बाळाला नियमात बसवायचं, असा तोडगा तिनं काढला. नोव्हेंबरात सेलीन बाळासकट प्रसूती विभागात दाखल झाली. दुपारी बाळ रीतसर जन्मलं. वजन साडेनऊ किलो. दात दोन. जन्मताच त्यानं डॉक्टरांचा चष्मा ओढला. शेऱ्यात लिहिलं : प्रसूती विनासायास, लसी आधीच घेतलेल्या, प्रकृती उत्तम. नाव डेरिल.

मग काय, दाखला, पासपोर्ट, परवाना, सगळं धडाधड मिळालं. नाताळात वसईच्या देवळात फादरनी दाखल्यावरचं वय वाचलं, एक महिना, आणि चष्मा पुसून पाहिलं तर बाळ रांगत वेदीपाशी पोचलेलं. हेझलआजीनं काही वाचलं नाही. तिनं त्याला उचललं, मुके घेतले आणि पदराला डोळे पुसले. नव्या अंगड्यात पोरगं काय गोड दिसत होतं म्हणून सांगू!

जानेवारीत थॉमस कामावर परतले. टेबलासमोर रंगनाथ उभा. थॉमसनी त्याला पहिल्यांदाच खुर्ची दिली, चहा पाजला, सगळी हकीकत सांगितली, डेरिलचा फोटो दाखवला. दोघांचेही डोळे भरून आले.

"साहेब, मग तुम्हाला माझं समजलंच आसंल," रंगनाथ म्हणाला. "पोरगं आता उभं राहतंय म्हणत्यात. जाऊ का?"

"जा की रे, तुझं पोर आहे," थॉमस गहिवरून म्हणाले. "दाखला तेवढा आण. आणि हे बघ, प्रती दोन लागतात."

थॉमसचा राग आला ना तुम्हाला? यायलाच हवा. खुशाल तक्रार करा, कंपनीत तक्रारी माझ्याच टेबलावर येतात. फक्त सोबत तुमच्या जन्मदाखल्याची झेरॉक्स जोडा. कुठे ठेवलाय, आठवतंय ना?