बावीस मिनिटांतले चार ठोके

एका जंगलात, बाळांनो, वाघ होता, हरणं होती आणि रॉकचे एक समीक्षकही होते. हरणं वाघाला भीत. समीक्षकाला खुद्द वाघ भीत असे, कारण त्याने एकदा स्वतःच्या डरकाळ्यांचा अल्बम काढला होता आणि त्याला पाचपैकी दीड जांभूळ मिळालं होतं.

समीक्षकांचं नाव कंटकराव. ते साळिंदर होते. 'जंगलनाद' साप्ताहिकात ते प्रयोगशील रॉकच्या नव्या आणि पुन्हा निघालेल्या अल्बमांची परीक्षणं लिहीत. प्रयोगशील रॉक म्हणजे काय, असं तुम्ही विचारणार. जे कधी सुरू झालं ते कळत नाही, आणि संपलं की सगळे आधी एकमेकांकडे बघतात आणि मग टाळ्या वाजवतात, ते प्रयोगशील रॉक. आता मध्ये बोलू नका.

कंटकराव कामाला वाघ होते. आठवड्याला अकरा अल्बम यायचे. ते सगळे ऐकत बसले असते तर लिहिलं कधी असतं? म्हणून रेकॉर्डवर सुई टेकली की त्यांची लेखणीही कागदावर टेकायची. बऱ्याचदा लेखणी आधी टेकायची.

एकदा बेडकांच्या 'उत्तरध्रुवीय दलदल' या बँडचा अल्बम आला. अख्ख्या अल्बममध्ये गाणं एकच, बावीस मिनिटांचं. कंटकरावांचं 'अमूर्त अवकाश' लिहून झालं होतं. एवढ्यात नवव्या मिनिटाला ठकठकठक असा आवाज त्यांच्या कानावर पडला. थांबला. पुन्हा आला. ते बेहद्द खूश झाले. त्यांनी लिहिलं, 'ड्रमरने काळाचा भुगा केला आहे. इतका चपळ हात या जंगलाने आजवर ऐकला नव्हता.' पाचपैकी पाच जांभळं देऊन ते जेवायला बसले.

आता त्या बँडचा ड्रमर होता ढालोजी नावाचा कासव. बावीस मिनिटांत तो ड्रमवर चार ठोके मारायचा. मोजून चार. बेडूक त्याला काढून टाकायच्या बेतात होते. निरोपाचा हारसुद्धा आणून ठेवला होता. परीक्षण छापून आलं तेव्हा त्यांनी तोच हार त्याच्या गळ्यात घातला आणि सत्कार आहे म्हणून सांगितलं.

ढालोजी तीन दिवस चालून आभार मानायला आला. त्याने कंटकरावांसमोर आळंब्यांची परडी ठेवली.

"एवढं वाजवल्याचं मला आठवत नाही हो," तो म्हणाला. "पण तुम्ही ऐकलंत म्हणजे वाजवलं असणार."

कंटकराव नम्रपणे हसणार, तोच ठकठकठक सुरू झालं. रेकॉर्ड तर बंद होती. दोघांनी वर पाहिलं. कंटकरावांच्याच झाडावर एक सुतारपक्षी ढोली कोरत होता. आठवडाभर त्याचं काम चाललं होतं.

कंटकरावांचे सगळे काटे आडवे झाले. ढालोजीने मान आत ओढून घेतली.

"आणि माझे चार ठोके?" त्याने आतूनच विचारलं. "ते कसे वाटले?"

'विलक्षण' हा शब्द कंटकरावांच्या जिभेवर चोवीस तास बसलेला असे. पण त्या दिवशी तो काही केल्या बाहेर पडेना. ते चार ठोके त्यांनी ऐकलेच नव्हते. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी लेखणी बाजूला ठेवली, सुतारपक्ष्याला हात जोडून गप्प केलं आणि रेकॉर्ड लावली.

पहिला ठोका सहाव्या मिनिटाला आला. दुसरा अकराव्या. तिसरा आला तोवर कंटकराव मोजायचं विसरले होते. चौथा अगदी शेवटी, सगळे बेडूक थकून गप्प झाल्यावर. तो पडला आणि कंटकरावांच्या अंगावरचा काटा न् काटा उभा राहिला. वीस वर्षांत पहिल्यांदा. ते रडले, बाळांनो. एरवी ते लिहून रडायचे. त्या दिवशी नुसतेच रडले.

मग त्यांनी डोळे पुसले आणि काळजीने सांगितलं, की खरं छापलं तर बेडूक त्याला ठेवणार नाहीत.

"नाही ठेवलं तर नाही ठेवलं," ढालोजी म्हणाला. "ते चार ठोके कुणीतरी ऐकले, एवढं एकदा छापून येऊ द्या."

कंटकरावांनी जाहीर दुरुस्ती लिहिली. पहिल्या परिच्छेदात सुतारपक्षी होता, दुसऱ्यात चार ठोके. बेडकांनी पहिला परिच्छेद वाचला आणि ते धावत सुटले. दुपारपर्यंत ढालोजीची सुट्टी झाली होती आणि सुतारपक्ष्याची नेमणूक. महिन्याभरात तोच अल्बम नव्या आवृत्तीत बाजारात आला. वेष्टनावर ठळक अक्षरांत छापलं होतं, 'परीक्षणात होता तसा'.

तो परीक्षणासाठी कंटकरावांकडेच आला. या वेळी त्यांनी तो तीनदा ऐकला, हात मांडीखाली दाबून. मग साध्या शब्दांत लिहिलं, 'ठकठक काढून टाका. मूळ अल्बम शोधा आणि त्यातले चार ठोके ऐका.' जांभूळ एक.

वाचकांनी समजूतदारपणे माना डोलावल्या. समीक्षक म्हटला की त्याला मूळचंच बरं वाटणार, हे त्यांना ठाऊक होतं. नवी आवृत्ती आठवड्यात संपली.

इकडे ढालोजीला पलीकडच्या जंगलातून बोलावणं आलं. तिथल्या खारींच्या बँडला जबर चपळ हाताचा ड्रमर हवा होता. कंटकरावांचं पहिलं परीक्षण त्यांच्या वाचनात आलं होतं. दुरुस्तीचा अंक तिकडे जात नसे. जावं की न जावं, असं ढालोजीने कंटकरावांना विचारलं. कंटकरावांनी शिफारसपत्र लिहून दिलं. 'चपळ' हा शब्द लिहिताना त्यांचा हात जरा थांबला, पण त्यांनी तो लिहिला.

खारींचा कार्यक्रम मागच्या वर्षी होता. ढालोजी वाटेत आहे.

तात्पर्य : समीक्षकाने अल्बम कधीही नीट ऐकू नये. न ऐकता लिहिलं तर कासवाला काम मिळतं. ऐकून लिहिलं तर ते जातं.