सात प्रश्नांचे शमुवेल मास्तर

उंदीर मारण्यापूर्वी त्याला रीतसर समज देणारा इसम माझ्या चाळीस वर्षांच्या वकिलीत मी एकच पाहिला. तो म्हणजे राजापेठेत आमच्या भिंतीला भिंत लावून राहणारे, मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेले शमुवेल मास्तर. हातात काठी घेऊन ते ज्वारीच्या कोठीपाशी उभे राहत आणि मोठ्याने स्वतःचीच उलटतपासणी घेत. "समज देल्ली होती का? देल्ली. दुसरा उपाय उरला का? नाई." तोवर उंदीर माझ्या हद्दीत दाखल झालेला असे. या विषयावर मी त्यांना तीन पत्रे लिहिली. तिन्ही पत्रे परत आली आणि प्रत्येकाच्या पाठीवर वळणदार अक्षरात एकच ओळ होती, "आपला मुद्दा विचाराधीन आहे."

हे खूळ त्यांच्या धर्मातून आले होते. युद्ध कधी न्याय्य असू शकते काय, यावर ख्रिस्ती आचार्यांनी शतकानुशतके वाद घालून काही कसोट्या ठरविल्या आहेत. मास्तर त्या बोटांवर मोजीत. युद्ध पुकारणाऱ्यास तसा अधिकार आहे काय? कारण न्याय्य आहे काय? हेतू शुद्ध, म्हणजे द्वेषाविना आहे काय? इतर उपाय थकले काय? यशाची वाजवी आशा आहे काय? होणारी हानी टळणाऱ्या हानीहून कमी आहे काय? आणि निःशस्त्र माणसास धक्का लागणार नाही ना? सातांपैकी एकही उत्तर नकारार्थी आले, की मास्तरांच्या कोर्टात दावा खारीज.

त्यांच्या चर्चच्या मंडळीत याविषयी दोन तट होते. पाळकसाहेबांचे मत असे की, येशूने तलवार म्यान करायला सांगितली, तिथेच प्रश्न मिटला. मंडळीतले एक निवृत्त सुभेदार म्हणत की, राज्यकर्त्याच्या हाती तलवार देवानेच दिली आहे, सबब शंका घेणे हेच पाप. मास्तर उपासनेत या दोघांच्या मधल्या बाकावर बसत आणि दोघांनाही सांगत, "तुमचं सोपं हाये."

बासष्ट साली चीनची लढाई पेटली. रोज एकेका ठाण्याच्या पडण्याची बातमी येत होती आणि माझे रक्त उकळत होते. राजापेठेतील नागरिकांच्या वतीने मी एक निवेदन तयार केले. हे युद्ध सर्वथा न्याय्य आहे, असे त्यात कलमवार मांडले होते. सर्वांनी सह्या केल्या. शमुवेल मास्तरांनी ते दोनदा वाचले आणि चष्मा काढला.

"सहाची उत्तरं पटली, वकीलसाहेब. तिसरा अडकला."

"कोणता तिसरा?"

"द्वेषाचा. ज्यायनं सह्या केल्या त्यायले विचारतो आन् मंग करतो."

आणि हा गृहस्थ खरोखर दारोदार फिरला. सायकल दुरुस्तीवाल्या गुलाबरावाला त्यांनी विचारले, "मनात द्वेष हाये का?" गुलाबराव म्हणाला, "हाये ना मास्तर. पन चिन्याचा नाई, साडूचा हाये." पिठाच्या गिरणीवरच्या चंद्रभागाबाईंनी हात न थांबवता सांगितले, "मले टाइम कुठी हाये?" पानाच्या ठेल्यावर पोरे हसली, "मास्तर, चिनी सात प्रश्न इचारून आला का?" शेवटी ते माझ्याकडे आले. माझ्या मनात द्वेष आहे आणि तो साधार आहे, असे मी त्यांना स्पष्ट सांगितले. त्यांनी मान डोलावली आणि सही न करता निवेदन परत दिले. त्याच दिवशी कलेक्टरसाहेबांना धाडण्यासाठी मी मास्तरांविरुद्ध एक सात परिच्छेदांचे पत्र लिहायला घेतले.

परंतु मास्तरांची खरी अडचण माझे निवेदन नव्हतेच. ती त्यांच्या घरात होती. प्रभाकर हा त्यांचा पुतण्या. त्याचा बाप मागील महायुद्धात ब्रह्मदेशात गेला तो परतला नाही. आईही लवकर वारली आणि पोराला मास्तरांनी वाढवले. या प्रभाकराचे नाव सैन्यात लागले होते. शुक्रवारी बडनेऱ्याहून पुण्याकडे निघायचे होते आणि काकाच्या होकाराशिवाय त्याचा पाय निघेना. भिंतीपलीकडून रोज एकच संभाषण ऐकू येई.

"काका, हो म्हना, नाईतर नाई म्हना. मधात लटकवू नका."

"इचार करून राहिलो बाबू."

शुक्रवारी अकोल्याच्या कोर्टात माझी तारीख होती, म्हणून मीही त्याच गाडीत होतो. मास्तर निरोप द्यायला आले होते. ते पुतण्याची वळकटी लावायला डब्यात चढले, पट्टा घट्ट केला, सैल केला, पुन्हा घट्ट केला. शिट्टी झाली. मी म्हटले, "मास्तर, उतरा." ते म्हणाले, "उतरतो." गाडी हलली. मास्तर पोराशेजारी बसून राहिले.

मूर्तिजापूर आले. "इथं उतरतो," ते म्हणाले, आणि बसूनच राहिले. प्रभाकर पाणी भरायला खाली गेला, तेव्हा माझा संयम सुटला. "पोराला एक शब्द सांगवत नाही तुम्हाला? कसली वाट पाहता?"

मास्तर खिडकीतून नळाकडे पाहत होते. "त्याच्या बापानं मले असंच विचारलं होतं. जाऊ का दादा म्हने. म्या एका संध्याकाळी सातही उत्तरं काढून देल्ली. सारी बरोबर. आजबी तपासतो, तर बरोबरच येतात."

प्रभाकर पाणी घेऊन परत आला.

अकोल्यास आम्ही दोघे उतरलो. गाडी सुटायच्या बेतात असताना प्रभाकराने खिडकीच्या गजातून विचारले, "काका, सांगितलं नाई तुमी."

"हे प्रश्न राजाले विचाराचे असतात बाबू," मास्तर म्हणाले. "तुले काय विचारू? भुसावळच्या आधी जेवून घेजो. भाकरी वाळून जाते."

प्रभाकर हसला, म्हणाला, "घेतो." मास्तरांनी गज सोडला तेव्हा गाडी चालू लागली होती.

दारावर तिकीट तपासनिसाने हात पुढे केला. मास्तरांनी बडनेऱ्याचे प्लॅटफॉर्म तिकीट अदबीने त्याच्या हातावर ठेवले. त्याने ते उलटसुलट करून पाहिले.

"बाबाजी, हे तर बडनेऱ्याचं हाये. इथं कसे आले?"

बचावासाठी तीन मुद्दे माझ्या जिभेवर तयार होते. मास्तरांनी मला मागे सारले.

"उतरता आलं नाई," ते म्हणाले.

तपासनिसाने त्यांच्याकडे पाहिले, रुळांकडे पाहिले. मग बाजूच्या बाकाकडे बोट करून म्हणाला, "बसा तिथं. परतीची गाडी दुपारी हाये."

प्रभाकराची गाडी केव्हाच गेली, तिथे बसून काही दिसायचे नाही, चहा तरी घ्या, असे मी त्यांना दोनदा सांगितले. मग मला कोर्टात जावे लागले. माझी तारीख पुढे ढकलली गेली आणि दुपारी मी परतलो. मास्तर त्याच बाकावर, पश्चिमेकडे, प्रभाकराची गाडी गेली त्या दिशेला तोंड करून बसले होते. शेजारी कुणीतरी आणून ठेवलेला चहा तसाच होता.