गुरुजींची पाचवी घागर

"एका आठवड्यात टँकरवरची भांडणं मिटवतो! नाही मिटली तर नागरिकशास्त्र शिकवणं सोडतो!" साहेबराव गुरुजींनी पारावर सगळ्यांसमोर जाहीर केलं.

अहमदपूरकडच्या त्या गावात सलग दुसऱ्या वर्षी पावसानं दगा दिला होता. लातूर नवा जिल्हा झाला होता. कचेऱ्यांवरच्या पाट्यांचा रंग अजून ओला होता, आणि जिल्ह्यात ओलं म्हणून तेवढंच! दिवसातून एकदा टँकर यायचा आणि घागरीवर घागर आदळायची.

गुरुजींनी पाराच्या दगडावर खडूनं तीन चौकोन काढले. "हे विधिमंडळ, कायदा करतं. ही कार्यपालिका, तो राबवते. ही न्यायपालिका, मोडणाऱ्याला शिक्षा देते. एकानं दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायचं नाही! आणि कायद्यापुढं लहानमोठा कुणी नाही!"

पाणी भरणाऱ्या बाया झाल्या विधिमंडळ. त्यांनी हात वर करून कायदा केला: घरटी चार घागरी, पाचवी घेईल त्याचं दुसऱ्या दिवशीचं पाणी बंद! किराणा दुकानदार शरणप्पा झाला कार्यपालिका. त्याला गुरुजींनी शाळेची शिट्टी दिली. न्यायाला बसल्या सत्तरीच्या धुरपताबाई, आवाज गिरणीच्या भोंग्यासारखा.

आणि काय आश्चर्य! चार दिवस एकही घागर चेपली नाही. गुरुजी असे छाती काढून चालायला लागले की सदऱ्याची बटणं घाबरली.

पाचव्या दिवशी निरोप आला, लातूरहून टँकर ठरवणारे साहेब पाहणीला येताहेत. आता साहेबांना चहा नको? हात धुवायला पाणी नको? गुरुजींनी चार घागरी घरी पोचवल्या आणि हळूच पाचवी टँकरच्या नळीखाली धरली.

फुर्रर्र!

"गुरुजी, पाचवी हाय ही!" शरणप्पा ओरडला.

"अरे, मी हाय मी! शिट्टीसुद्धा माझीच हाय!"

"शिट्टी तुमची, कायदा बायांचा. चला!"

गुरुजी धुरपताबाईंपुढं उभे राहिले. "आजी, हे सगळं शिकवलं कुणी? मीच ना?"

"म्हंजे म्हाईत असून मोडलं. हे तर लईच वंगाळ! साक्षीदार हाय का कोन?"

गुरुजींची बायको तारामती पुढं आली. गुरुजींच्या जिवात जीव आला.

"हाव, चार आधीच भरल्या. म्या मोजल्या. पाचवी नका घेऊ म्हनलं, तर म्हनले, मला कोन धरतंय!"

धुरपताबाईंचा भोंगा वाजला: उद्याचं पाणी बंद!

तेवढ्यात जीप आली. गुरुजी धावले. "साहेब, सांगा ह्यांना! घागर तुमच्या चहासाठी होती!"

"न्यायनिवाड्यात मी कसा पडू, गुरुजी?" साहेबांनी सगळी हकिकत ऐकली, रांग पाहिली, मान डोलावली. "वा! काय शिस्त! म्हणजे इथं पाणी पुरतंय. उद्यापासून टँकर एक दिवसाआड!"

तसे सगळ्या बायांचे डोळे गुरुजींवर वळले. गुरुजींना दरदरून घाम फुटला. गावात तेवढंच पाणी फुकट वाहत होतं.

धुरपताबाई उठल्या. "साहेब, ह्या चौकोनांतला तुमचा कंचा?"

"माझा? दुसरा. कार्यपालिका."

"मंग टँकर रोज द्यायचा, हे कुनी ठरवलं?"

"तो सरकारचा नियम आहे."

"नियम वरचा, तुमी राबवनारे. मोडायचा हुकूम कुठं लिव्हलाय? दाखवा! न्हाईतर शरणप्पा, वाजव!"

फुर्रर्र! साहेब दचकून दोन पावलं मागं सरले. आयुष्यात त्यांच्यावर कुणी शिट्टी मारली नव्हती! जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून त्यांनी मुकाट्यानं लिहून दिलं: टँकर रोज.

"बघा! माझं शिकवणं!" गुरुजी आनंदानं ओरडले. "आजी, आता माझी शिक्षा..."

"कायम हाय."

दुसऱ्या दिवशी गुरुजी बिनआंघोळीचे शाळेत गेले. तारामती माहेरी निघून गेली, तिकडं आडाला पाणी होतं म्हणे. दुपारी घशाला कोरड पडली तेव्हा ते धुरपताबाईंच्या दारात उभे राहिले. म्हातारीनं आपल्या घागरीतलं पाणी तांब्या भरून पुढं केलं.

"प्या. पर हितंच बसून प्या, मास्तर. तांब्या घेऊन रस्त्यावर गेलात, तर शरणप्पा मला धरंल!"