हनुमंतभाऊंचे दहा टोले

रविवार, सकाळचे दहा. उपस्थित: हनुमंतभाऊ सकपाळ, सत्तारभाई आणि मी. पंखा बंद, खिडक्या बंद, माझ्या घरचा कुकर गॅसवरून उतरवलेला. टेबलावर शाळेची पितळी घंटा आणि लाकडी हातोडी. रंगीत कागदी फितींच्या दहा गुंडाळ्या.

हा सरंजाम कशासाठी, ते कळायला आधी हनुमंतभाऊ कळायला हवेत. महाडला आमच्या इमारतीत ते माझ्या समोरच्या दारात राहतात, आणि कुणीही बाहेर गेलं की वीसपर्यंत मोजायला लागतात. जपानी व्यावसायिक कुस्तीत रिंगच्या बाहेर पडलेल्या पैलवानाला परत यायला वीस आकडे मिळतात म्हणे. बाकी बऱ्याच ठिकाणी दहाच.

"दहात माणूस चप्पल पण घालत नाय, वहिनी," भाऊ सांगतात. "वीस म्हंजे माणुसकी हाय."

नोकरीत असताना कंपनीच्या बसचा ड्रायव्हर वाटेत चहाला उतरला की हे खिडकीतून मोठ्याने मोजायचे. शेवटी शेवटी तो सतराला कप ठेवून धावत यायचा.

हे वेड लावलं एमआयडीसीत यंत्र बसवायला आलेल्या एका जपानी साहेबाने. जेवणाच्या सुट्टीत त्याने मोबाईलवर एक कुस्ती दाखवली. बघणारे दोघे: हनुमंतभाऊ आणि त्यांच्याच पाळीतले, तुडीलचे सत्तारभाई. साहेब गेला, पुढे हे दोघे निवृत्त झाले, कुस्ती मात्र राहिली. त्यातून पॉडकास्ट निघाला, 'वीस मोजा'. दर रविवारी, भाऊंच्या बाहेरच्या खोलीत. जपानी दोघांनाही येत नाही. श्रोते त्रेचाळीस, त्यातले बरेच तुडीलहून आखातात गेलेले. यादी, वेळ आणि कुकर माझ्याकडे. मी शाळेच्या कार्यालयात आहे, यादीशिवाय मला जमत नाही.

एकदा मी विचारलं, "भाऊ, त्यात निकाल आधीच ठरलेला असतो ना?"

भाऊंनी चष्मा काढला. "असंल ठरलेला. पाठीला ते म्हाईत नसतं."

कार्यक्रम म्हणजे निव्वळ भांडण.

"हनम्या, तुझा पैलवान म्हातारा झाला. गुडघ्याचे पट्टे बघ."

"पट्टे तुझ्या पण गुडघ्याला हायत."

"मी उड्या मारतो का रे?"

आणि आता सत्तारभाई कायमचे मुलाकडे दोह्याला निघाले होते. विमान बुधवारी.

"फोनवरून बोलू की," ते म्हणाले.

"फोनवर भांडण होत नाय. समोर बसावं लागतं." भाऊंनी विषय संपवला आणि निरोप जपानी पद्धतीने द्यायचं जाहीर केलं. तिकडे निवृत्त होणाऱ्या पैलवानाला रिंगच्या मधोमध उभं करतात, लोक फिती फेकतात आणि मग घंटेचे दहा टोले पडतात. त्या वेळी कुणी बोलायचं नाही. दहावा टोला पडला की संपलं, पुन्हा रिंगमध्ये पाऊल नाही.

"आणि ठेवलं तर?" मी लिहिता लिहिता विचारलं.

"ठेवतात बरेच जण," सत्तारभाई म्हणाले.

"ते बेशरम," भाऊ म्हणाले. "नियम म्हंजे नियम."

तर रविवारी सत्तारभाई सतरंजीच्या मधोमध उभे राहिले. फिती मी फेकल्या. एक पंख्याला अडकली, एक सत्तारभाईंच्या कानाला. भाऊंनी त्यांचं नाव, गाव, वजन पुकारलं.

"वजन चुकलं."

"तुझ्या लग्नातलं सांगितलं. गप उभा राहा."

मग टोले सुरू झाले. मी वहीत रेघा ओढत होते. पाच झाल्यावर भाऊंचा हात संथ झाला. सात. आठ. नवव्याचा आवाज पूर्ण विरेपर्यंत ते हातोडी वर धरून थांबले. मग त्यांनी ती टेबलावर ठेवली.

"झालं."

"भाऊ, नऊ झाले."

"धा झाले."

मी वही पुढे केली. दुसऱ्या जुडग्याची आडवी रेघ राहिली होती. उभ्या जन्मात आकडा न चुकलेला माणूस बंद खिडकीकडे बघत बसला.

सत्तारभाईंनी कानावरची फीत काढून घडी करून खिशात ठेवली. "म्हंजे हनम्या, मी निवृत्त नाय झालो. नुसता बाहेर चाललोय."

भाऊंनी हातोडी उचलून घंटेच्या मागे सरकवली.

"मोज की मग."

"मोजतो," भाऊ म्हणाले. "पण सावकाश."

बुधवारी सकाळी सत्तारभाईंची गाडी कोपऱ्यावर वळली, तेव्हा भाऊ जिन्यात उभे होते. "एक," ते म्हणाले आणि घरात गेले. या गोष्टीला आता दोन महिने झाले. काल दूध घेताना मी सहज विचारलं, किती झाले.

"दीड," भाऊ म्हणाले.

माझ्या यादीत त्या रविवारची सगळी कामं खोडून झाली आहेत. पंख्यावरची फीत काढली, घंटा शाळेत परत दिली. एकच ओळ तशीच आहे: दहावा टोला.